तोफगोळ्यांवरचा माझा शिक्का

शिरवळच्या ज्या कारखान्यात मी गेली नऊ वर्षं काम करते, तिथं आधी ट्रॅक्टरचे ॲक्सल आणि पवनचक्कीचे दांडे व्हायचे. मग मागणी बसली. तिसरी पाळी बंद झाली, कंत्राटी पोरं बॅगा घेऊन गावाला गेली. वर्षभरानं नवी ऑर्डर आली. माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढं पोलादी नळकांडं, वरून निमुळतं, आतून पोकळ. कागदावर त्याला ‘बॉडी’ म्हटलेलं होतं, म्हणून आम्हीही बॉडीच म्हणायचो. तो तोफेचा गोळा आहे, हे प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तो शब्द आमच्यात कुणी काढत नसे.

मी शेवटच्या तपासणीवर होते. पोलादावर तेलकट द्रव लावायचा, त्यावरून हातातलं यंत्र सरकवत न्यायचं आणि पडद्यावरची रेघ बघायची. आत चीर असेल तर रेघ मध्येच उसळते. रेघ शांत राहिली की बॉडीवर आणि कागदावर माझा शिक्का. गोल, मध्ये माझा क्रमांक. शिक्का ज्याचा त्याच्याच ताब्यात असतो. माझा माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात असायचा.

माल कुठं जातो ते कागदांवरून कळत नसे. एका बंदराचं नाव असे आणि मध्ये एक व्यापारी कंपनी. पुढचं कोरं. पण कॅन्टीनमधल्या टीव्हीवर परदेशातल्या दोन-दोन युद्धांच्या बातम्या चालू असत आणि आमटी-भात कालवता कालवता सगळे त्याकडे बघत. एकदा बातमी आली, बोलणी सुरू झाली, युद्ध थांबण्याची शक्यता. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी पटकन म्हणालं, “अरे देवा, आता कामाचं काय?” आणि मग त्या टेबलावर कुणीच वर बघेना. मीही ताटात बघत राहिले, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

त्याच सुमारास माझे वडील, आबा, माझ्याकडे राहायला आले. आमचं गाव म्हसवडजवळ. घराणं मेंढरंवाल्यांचं, पण आबा तरुणपणीच तोफखान्यात भरती झाले आणि हवालदार होऊन परत आले. साताऱ्याला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, म्हणून दहा-बारा दिवस माझ्याच खोलीवर. डोळ्याला हिरवी पट्टी, टीव्ही बघायचा नाही, मोबाइल बघायचा नाही. माणूस कंटाळला.

खालच्या खोलीत चाचा राहायचे. आमच्याच कारखान्यातले लेथवरचे जुने कारागीर. घर शिराळ्याला, शनिवारी जायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. मी नवी असताना पोलाद हाताला कसं कळतं ते मला त्यांनी शिकवलं होतं. पहिली पाळी सुटली की ते पायरीवर चहा घेऊन बसत. तिसऱ्या दिवसापासून आबाही तिथं बसू लागले आणि दोघांचं जमलं. पाऊसपाणी झालं, बैलांच्या शर्यती झाल्या, मग विषय आमच्या कामावर आला.

आबांना माझ्या कामाचा केवढा अभिमान! ते चाचांना सांगत होते, “आमच्या तोफंत एक गोळा नळीतच फुटला बगा. पलटणीतला माझा जोडीदार गेला. त्येचं मी काय गोळा केलं ते कांबळ्यात मावलं. वरनं साहेब आला, म्हनला पोलादात चीर हुती. कुणीतरी बगितलं न्हाई. तवापासनं मी म्हनतो, तपासणारा माणूस मजी देवमाणूस.”

चाचांनी कपातला चहा फुंकला. मग म्हणाले, “हवालदार, चिरंचा गोळा तोफवाल्याला मारतो, बरोबर. आन बिनचिरंचा?”

“तो जातो की जिथं जायचा तिथं.”

“तिथं कोण असतं?”

“दुश्मन असतो.”

“तुमी बगितला?”

“आमाला दिसत न्हाई. आमाला आकडे येत्यात. इतकं अंतर, इतका कोन. गोळा सोडला की दुसरा भरायचा. बगत बसलं तर लढाई कशी व्हायची?”

मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. चाचांचा आवाज चढला नव्हता. ते म्हणाले, “तुमी हुकमावर सोडलं. देशाचा हुकूम हुता, मी त्येला नावं ठेवत न्हाई. पर आमी? आमाला हुकूम कुणाचा? आमी पगारावर करतोय. गिऱ्हाईक कोण ते ठाऊक न्हाई, मरणार कोण ते ठाऊक न्हाई. निस्ता भाव बरा मिळतोय म्हणून करतोय.”

“तुमी न्हाई केलं तर दुसरा करंल.”

“करंल की. मग त्येनं करावं.”

आबांना राग आला. अडकले की ते चिडायचे. पट्टीखालचा डोळा हातानं दाबत ते म्हणाले, “तुमची मानसं मरत्यात तिकडं, म्हणून तुमाला पुळका येतोय. आमची मानसं मेली त्या टायमाला कुठं हुता?”

मी वरून “आबा!” म्हणून ओरडले. पण बोललेलं बोलून झालं होतं.

चाचांनी कप पायरीवर ठेवला. “माझी मानसं शिराळ्यात हायती, हवालदार,” ते म्हणाले. “तिकडं कोण मरतंय ते मला ठाऊक न्हाई, हेच तर सांगतोय.” आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं. हळूच लावलं, कडीचाही आवाज आला नाही. आबा दोन दिवसांनी गावी गेले, तोवर दोघं पुन्हा बोलले नाहीत. निघताना आबा त्या दारासमोर जरा थांबले, एवढं मी पाहिलं.

पुढच्या महिन्यात बॉडींचा एक नवा लॉट आला. सकाळी तिसऱ्याच बॉडीला रेघ उसळली. मला वाटलं यंत्र बिघडलं. नमुन्यावर लावून बघितलं, यंत्र ठीक होतं. दुपारपर्यंत एकाच भट्टीतल्या पोलादाच्या इतक्या बॉडींना चिरा निघाल्या, की मी सगळा लॉट अडवून लाल पट्टी लावली.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. कुणाच्या घरी लग्न असलं, मयत असली तरी येऊन उभे राहायचे. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

“यंत्राची तीव्रता थोडी कमी कर,” ते म्हणाले. “बारीक चिरा दिसतात त्या दिसणार नाहीत. जहाज ठरलंय.”

“सर, नळीत फुटेल.”

“फुटेलच असं नाही. आणि फुटला तर...” ते थांबले. “हे बघ, हे आपल्या सैन्यासाठी असतं, तर मीच थांबवलं असतं. शपथेवर सांगतो. हे आपलं नाही.”

ते पुढं बोलत राहिले. तिसरी पाळी कशामुळं सुरू झाली, गेलेली पोरं कशामुळं परत आली, मालाला भाव आहे तोवरच हे सगळं आहे, तिकडं लढाई थांबली की ट्रॅक्टरचे ॲक्सल परत कुणी मागणार नाही. सगळं खरं होतं. शेवटी म्हणाले, “आपण रिकामं भांडं देतो. त्यात भरणारे दुसरे, उडवणारे तिसरे. तू कशाला डोक्यावर घेतेस?”

मी शिक्का मारायला नाही म्हटलं. मोठं धाडस केलं असं नाही. मी फक्त “नाही जमणार सर” एवढंच म्हणत राहिले. ते म्हणाले, तू दमलीस, दोन दिवस सुट्टी घे.

खोलीवर येऊन मी चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “खरं सांगू? पैल्यांदा मनात आलं, जाऊ दे चिरंचेच. तिथंच फुटू देत, पुढं तरी कोण मरणार न्हाई. मग तुझ्या बापाची ती कांबळ्याची गोष्ट आठवली. तिकडं बी असाच कुणीतरी भरत आसंल. आपण कुणाला वाचवायचं, ते आपल्याला ठरवता येतंय व्हय?”

आबांना फोन केला. ते एका दमात म्हणाले, “चिरंचा गोळा पास केलास तर माझ्या दारात यायचं न्हाई.”

“आणि आबा, आजवर चांगले पास केले त्यांचं काय?”

पलीकडून फक्त मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत राहिला. मग आबा म्हणाले, “ते मला इचारू नगंस,” आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा लॉटची जागा रिकामी होती. फरशीवर लाल पट्टीचा एक तुकडा चिकटून राहिला होता. खणाचं कुलूप जसंच्या तसं होतं, शिक्काही आत होता. फाइलमधल्या त्या लॉटच्या कागदांच्या प्रती काढून बघितल्या. प्रत्येक पानावर माझा शिक्का होता, सरळ, नीट, मी मारते त्याहून नीट. साहेब काचेआडून बघत होते. मी फाइल मिटली आणि जागेवर ठेवली. आरडाओरडा करावा, कुणाला तरी पत्र लिहावं, असं पुष्कळ दिवस वाटत राहिलं. कुणाला लिहायचं तेच सुचेना. तिकडच्या त्या तोफवाल्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता. हे मी स्वतःला सांगते, आणि ते निमित्त आहे हेही मला कळतं.

महिनाअखेर चाचांनी काम सोडलं. पुतण्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं बसेन म्हणाले. “तू बी सोड” असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

आबांनी फोनवर विचारलं, “लॉटचं काय झालं गं?”

मी म्हटलं, “थांबवला.”

“शाब्बास,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “त्या चाचांचा नंबर दे. माझं तोंड सैल सुटलं त्या दिवशी.” मी नंबर दिला. त्यांचं काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेला मी घरी गेले. अंगणात आबांचे तीन-चार निवृत्त सोबती बसले होते, अंगावर अजून गुलाल. मला बघून आबा उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठत नसत. “हीच ती माझी लेक,” ते म्हणाले. “कंपनीच्या सायबाला तोंडावर न्हाई म्हनली. आक्खा माल अडवला. तिकडं कुठल्या मुलखात असतील, पर पाच-पन्नास जवान आज हिच्यामुळं जिते हायती.”

त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सुभेदारांनी मला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला. “लय पुण्य लागंल पोरी तुला,” ते म्हणाले.

मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले आणि चहा टाकायला आत गेले. दूध उतू जाईपर्यंत चुलीपाशी तशीच उभी होते. आईनं भांडं उतरवलं आणि काय झालं म्हणून विचारलं. काही नाही म्हटलं. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत आले, सोमवारी पहिली पाळी होती.