वेढे मोजणारी

पाण्याची मोटार चालू ठेवून मी दुपारी झोपलो आणि ती जळाली. लातुरात रिवायंडिंगच्या दुकानात नेली. तिथं काम शिकणारी एक पोरगी तांब्याच्या तारेचे वेढे ओठांत मोजत घालते. दुकानाचा उस्ताद ओरडला की तिचा आकडा चुकतो आणि ती मुकाट्यानं पुन्हा एकपासून सुरू करते.

त्या दिवशीही तो खेकसला, "ए, झोपली का गं?"

झोपलो होतो मी, बोलणी तिला.

तिनं डावा हात वर केला. "थांबा उस्ताद. मोजायलेय."

उस्ताद चक्क थांबला. वेढे पुरे झाल्यावर तिनं आकडा मोठ्यानं सांगितला.

घरी मोटार लावून मी हे रंगवून सांगत बसलो. बायको म्हणाली, "लई झाक केलं पोरीनं. आता उठा, मोटार चालूच हाय."