सालाच्या रानातला दवबिंदू

बाबांच्या नजरेत मधोमध डाग पडत चालला होता. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. डोळ्यांत इंजेक्शनं देऊन झाली, पण किती दिवस दिसेल ते डॉक्टर सांगेनात. जन्मभर साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला हा माणूस माझ्या नोकरीपायी बंगालमध्ये, सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिला होता. त्याचं मागणं एकच, दवबिंदू पुन्हा एकदा बघायचा. दवबिंदू म्हणजे किडे खाणारं इवलंसं झाड. पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात, त्यात चिलट अडकलं की केस त्याच्यावर वळतात, संपलं.

"कासला नेते," मी म्हटलं.

"एवढा प्रवास कशाला? इथून उत्तरेला, बीरभूमच्या सालवृक्षांच्या रानात आहे तो. भाद्रपदात जाऊ."

गौरी-गणपती झाल्यावर गेलो. गुडघाभर गवत, चिखल, डास, दवबिंदू एकही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. माझ्या पायाला भिंगरी, मी रानभर फिरत होते, आणि बाबा छत्री रोवून म्हणत होते, "असणारच. भाद्रपदात नाही तर कधी?" माझं डोकं फिरलं. दर आठवड्याला त्यांचं दिसणं कमी होत होतं आणि आम्ही गवत उपसत होतो.

ऑफिसात काम सोडून मी त्या रानाचे नेटवरचे फोटो चाळत बसले. एका फोटोत दवबिंदू स्पष्ट होता. शेजारी गुडघे टेकून बसलेल्या बाईच्या अंगात स्वेटर होता.

आपल्या पठारांवर तो पावसात येतो, म्हणून आम्ही बापलेकींनी बंगालवरही सह्याद्रीचं पंचांग लादलं होतं. इथे तो येतो थंडीत, ओल धरून असलेल्या उघड्या मातीत. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग "थांबू" म्हणाले. मला मात्र धीर कसला तो नाही. रोज सकाळी पेपरातला मोठा मथळा त्यांना वाचायला लावायची, दिसतोय ना म्हणून. दिवाळीनंतर तोही दिसेनासा झाला.

पौषात गेलो. सालाच्या झाडांपलीकडे लाल मातीवर दवबिंदू जमिनीलगत पसरले होते, शर्टाच्या बटणाएवढे. मी बाबांना धरून खाली बसवलं. त्यांनी समोर पाहिलं, मग मान तिरकी केली, आणखी तिरकी केली.

"लाल दिसतंय काहीतरी," ते म्हणाले. "थेंब नाही दिसत. तू सांग."

मी मातीत पालथी पडले आणि एकेक पान सांगू लागले. घाईत एक गाळलं, तर म्हणाले, "सगळी सांग." शेवटच्या पानावर चिलट नुकतंच टेकलं होतं, पाय ओढत होतं. तेही सांगितलं. मला रडू येत होतं.

"केस वळतायत?"

"अजून नाही."

"वळतील. बघत राहा," असं म्हणून बाबांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला.