दाजींच्या ग्लासातला कोरा चहा

भूतखेत, करणी-बिरणी असलं मी मानत नाही. मानणाऱ्यांची कीव येते मला. तरी हे लिहितोय, कारण इथं माझं डोकं चालत नाही...

निलंग्यात माझं मंडप-लाइटिंगचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात लातूरचा एक दिग्दर्शक दारूच्या व्यसनावर पिक्चर काढायला आला. पिक्चर कसला डोंबलाचा! एक माणूस भिंतीकडं बघत पितोय, बास. म्हणे ‘रियल’ आहे. आणि हीरो कोण, तर आमचे दाजी — माझ्या अक्काचे मालक. ह्यांना गटारातून मीच उचलून आणायचो. आता सुटली होती म्हणे. माझा काडीचा विश्वास नव्हता. कुत्र्याचं शेपूट ते!

अक्कानं बजावलं होतं, "एकदा जरी वास आला, तर पोरं घेऊन माहेरी जाईन. परत यायची न्हाई." दाजी घरी आले की उंबऱ्यातच ती त्यांचं तोंड हुंगायची. शूटिंगच्या बाटलीत दारू म्हणून जो कोरा चहा असायचा, तोही तीच घरून द्यायची. गुळाचा, गवती चहा घालून.

त्या दुपारी औराद रोडवरच्या बंद ढाब्यात शॉट होता, लाइटिंग माझंच. दाजींनी ग्लास भरला, एका दमात रिकामा केला. कट झाल्यावर दिग्दर्शक चिडून मला म्हणाला, "ह्याला काहीच कसं होईना? चहा ओतून खरी देशी भरली होती मी. अस्सल पाहिजे ना भाऊ!"

हलकट! मी बाटली हिसकली, घोट घेतला. घसा पेटला. देशीच होती.

दाजी मिशा पुसत म्हणाले, "आज गूळ लई पडलाय."

सोंगाड्या मेला, म्हटलं मनात. गाडीवर मागं बसवून घरी आणलं. अक्काचा संसार मोडला, एवढंच डोक्यात.

"आ करा," अक्का म्हणाली.

तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. "गवती चहाच हाय." मी पुढं होऊन हुंगलं... खरंच, गवती चहा!

अक्काचे डोळे भरले. "बास झालं. आजपासून मी हुंगायची न्हाई. माणसाला किती दिवस जनावरासारखं हुंगायचं?" दाजी तिथंच बसून ढसाढसा रडले.

पिक्चर कुण्या फेस्टिव्हलनं घेतला नाही, बरं झालं. दाजींनी त्यानंतर अजून थेंब घेतलेला नाही. कुणाला उलगडत असेल तर सांगा, फक्त ‘अक्काची पुण्याई’ असलं लिहू नका — तिटकारा आहे मला. अक्काला मात्र अजून बोललो नाही, की ज्या दिवशी तिनं विश्वास टाकला, त्याच दिवशी दाजींच्या पोटात ग्लासभर दारू होती.