बाईंचा रशियन सिनेमा

सिनेमात चौकशीचा प्रसंग आला की बाई उठून पाणी प्यायला जात. दर वर्षी. वसतिगृहाच्या जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीला पांढरी चादर ठोकलेली असे, साठ-सत्तर मुली सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या असत, आणि चादरीवर एक जर्मन अधिकारी टेबलावर हातमोजे आपटत असे. तोपर्यंतचं एकेक वाक्य मराठीत सांगत आलेल्या बाई तिथे थांबत, पदर सावरत आणि स्वयंपाकघरात जात. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज येई. तो प्रसंग सात-आठ मिनिटं चाले. पाणी प्यायला कुणाला एवढा वेळ लागत नाही. पण मुली दर वर्षी नव्या असत, त्यांना वाटे बाई बोलून दमल्या. मी बाईंसोबत अकरा वर्षं होते. मलाही तसंच वाटे.

निर्मलाबाई लातूरच्या आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. अकरावी-बारावीला आणि डॉक्टरकीच्या क्लासला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या मुली तिथे राहत. मी जवळच्या कॉलेजात ग्रंथपाल. राहायला खोली मिळेल म्हणून सहायक रेक्टरचं काम घेतलं आणि तिथलीच झाले. मी फार बोलत नाही. बाईंना त्याची अडचण नव्हती. "तू वाचत बस, सुमन, मी बोलते," त्या म्हणत. "दोघींचं मिळून एका माणसाचं काम होतंय."

सिनेमा जुना रशियन होता. लीदा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी, तिच्या गावावर जर्मन चालून आलेले, ती जंगलात लपलेल्या आपल्या माणसांना निरोप पोचवते आणि एके दिवशी पकडली जाते. ते विचारतात, तुझी माणसं कुठे आहेत. ती सांगत नाही. शेवटी तिला फाशी देतात. बाईंनी हा सिनेमा पहिल्यांदा नांदेडला कॉलेजात असताना पाहिला होता. त्यांच्या थोरल्या भावाच्या मित्रमंडळींनी तो कुठून तरी आणवला होता आणि एक प्राध्यापक कागद हातात धरून गोष्ट सांगत होते. पुढे भावाने त्याची व्हिडिओ कॅसेट मिळवून दिली, मग सीडी झाली, मग पेन ड्राइव्ह. रशियन बाईंना येत नव्हतं आणि प्राध्यापकांचा कागद कधीच हरवला होता. त्यामुळे संवाद बाईंचेच असत.

"हे बर्फ हाय गं, कापूस न्हाई," त्या सुरुवातीलाच सांगून टाकत. जंगलातला म्हातारा लीदाला म्हणे, "पोरी, येशीपर्यंत जा, फुडं जाऊ नको, फुडं चौकी हाय." जर्मन शिपाई एकमेकांत बोलू लागले की बाई म्हणत, "हे काय बोलून राहिले ते मला ठाऊक न्हाई. पण चांगलं तर नक्कीच न्हाई." मुली हसत. एकदा निलंग्याची एक मुलगी मागून ओरडली, "बाई, तिला स्वेटर तर द्या की!" बाई चादरीकडे बघतच म्हणाल्या, "तूच घेऊन जा. तुझा दोन महिने झाले दोरीवर वाळत पडलाय." फाशीच्या प्रसंगात मात्र त्या गप्प बसून राहत. लीदा अनवाणी बर्फातून चालते तेव्हा हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज असे. दिवे लागल्यावर बाई एकच वाक्य बोलत, "चला, ताटं घ्या."

वसतिगृहाच्या फाटकात त्या वेगळ्या असत. कुणी काका, मामा, चुलतभाऊ येऊन अमकी कुठे आहे म्हणून विचारू लागला की बाई त्याला खुर्ची देत, पाणी देत, आणि म्हणत, "विचारायचं काम तुमचं हाय, ते तुमी करा. मी पोरीला बोलावते. सांगायचं का न्हाई ते तिचं तिनं ठरवावं." एकदा एक गृहस्थ फाटकावर तासभर ओरडत होते. मी सख्खा चुलता आहे, मी हे करीन, ते करीन. बाई समोर बसून शेंगा सोलत होत्या. ते दमले तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोर सोललेल्या शेंगा ठेवल्या. "खा. घसा कोरडा पडला असंल." बापाला, आईलासुद्धा हाच नियम. मला तो जरा अतिरेकी वाटे. एकदा मी तसं बोलून दाखवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि "असू दे" म्हणाल्या.

मागच्या पावसाळ्यात बाईंच्या पोटात गाठ निघाली. उशीर झाला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा भाऊ येऊन त्यांना नांदेडला घेऊन गेला. मी दर रविवारी लातूरहून बसने जायची. बाईंच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी आता उशीजवळ ठेवलेली असे, कारण दोरा मानेला टोचत होता. अशाच एका रविवारी दुपारी, भाऊ औषधं आणायला गेला असताना, त्यांनी मला ते सांगितलं. त्या छताकडे बघत होत्या.

"सुनंदा म्हणून पोरगी होती. तू यायच्या लई आधी. बारावीला. बापानं लग्न ठरवलं, तारीख काढली. ती मला म्हणली, बाई, मी बिलोलीला मावशीकडं जाऊन लपते, पेपरच्या दिवशी सरळ सेंटरवर येते. मावशीला अन् तुमाला, दोघींनाच ठाव हाय. मी म्हणलं, जा. चार दिवसांनी बाप आला. हात जोडले त्यानं, सुमन. म्हणला, तिची आई दवाखान्यात हाय, घटकेची सोबतीण हाय, पोरीचं तोंड बघायचं म्हणती. पाया पडायला वाकला." त्यांनी उशीजवळची डबी मुठीत घेतली. "मी सांगितलं. मला कुणी चापटसुद्धा मारली न्हाई गं. रडला एक माणूस अन् मी सांगून टाकलं."

आई दवाखान्यात नव्हती. सुनंदाला बिलोलीहून उचलून आणलं, त्याच आठवड्यात लग्न लावलं. पेपर राहिले. बाईंना हे सगळं पुढे दुसऱ्या मुलींकडून कळलं. सुनंदा पुन्हा कधी वसतिगृहाकडे आली नाही.

"तिनं त्याच वर्षी सिनेमा बघितला होता," बाई म्हणाल्या. "सगळ्यात पुढं बसली होती. तवा मी चौकशीचं पण सांगत होते. लई जोरात सांगत होते."

त्यांना सुनंदाला भेटायचं होतं. ती शिरूर अनंतपाळला दिली आहे, शिवणकाम करते, एवढं त्यांनी शोधून ठेवलं होतं. जायचा धीर मात्र वीस-बावीस वर्षांत झाला नव्हता. "ती शिव्या देईल. देऊ दे. येत असली तर घेऊन ये. न्हाई आली तर माझं एवढं सांग तिला, की मी सांगितलं होतं. तिच्या तोंडून जे येईल ते मला आणून दे. तेवढं ऐकून जाते."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बुधवारी रजा टाकून मी शिरूर अनंतपाळला गेले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत घर सापडलं. दारातच शिलाई मशीन, कपड्यांच्या चिंध्या, भिंतीवर नर्सिंगच्या पोशाखातल्या मुलीचा फोटो. सुनंदा चाळिशीची, भरल्या अंगाची, डोळ्यांवर चष्मा. मी म्हणाले, लातूरच्या निर्मलाबाईंकडून आले. तिने पाय मशीनवरून काढला.

"आमच्या रेक्टरबाई? हायत का अजून? या की आत, या. अहो, बाहेर काय उभ्या राहिल्या!" तिने गॅसवर चहाचं पातेलं ठेवलं. "साखर कमी का बरोबर? बाई बरोबर घ्यायच्या. मी पोरीला सांगत असते, एक बाई होत्या, रशियाचा पिच्चर दाखवायच्या, सगळं आपल्या भाषेत. बर्फ हाय गं, कापूस न्हाई." ती हसली. तिने बाईंची नक्कल हुबेहूब केली.

मी तेव्हा उठून यायला हवं होतं. हे आता वाटतं. तेव्हा मला फक्त सांगितलेलं काम पुरं करायचं होतं. बाई आजारी आहेत, दिवस थोडे आहेत, आणि त्यांनी हे कळवायला सांगितलं आहे, असं म्हणून मी ते सांगितलं. तीन-चार वाक्यांत सांगून झालं.

सुनंदाने चष्मा काढला.

"बाईनं सांगितलं?"

"हो."

"मावशीनं न्हाई?"

मला काही समजलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. "दोघींनाच ठाव होतं. बाई तर सांगणार न्हाई. ज्या बाईनं तो पिच्चर दाखवला ती कशाला सांगंल? मग राहिलं कोण? मावशी." ती अगदी सावकाश बोलत होती, हिशेब पुन्हा मांडून बघावा तशी. "तिनं माहूरच्या देवीची आण घेतली हो. मी न्हाई सांगितलं म्हणली, लेकरा, मी न्हाई. मी म्हणले, देवीला तरी सोड. मग कधी बोलले न्हाई तिच्याशी. दिवाळीला साडी घेऊन यायची, मी दार लावून घ्यायची. तीन वर्षं झाली, गेली ती. मातीलाबी गेले न्हाई मी."

चहा उतू गेला. गॅस विझला, वास सुटला. मी उठून बटण बंद केलं. ती जागची हलली नाही. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून म्हणाली, "तुमची बस चुकंल."

मी निघाले.

रविवारपर्यंत थांबले नाही, शनिवारीच नांदेडला पोचले. बाईंचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. भावाने मला खुर्ची दिली आणि तो बाहेर गेला. बाईंनी डोळे उघडले.

"भेटली?"

"हो."

"वळखलं का माझं नाव?"

"लगेच. चहा ठेवला तिने."

"माझं नाव ऐकून?"

"हो. बसा म्हणाली. साखर कमी का बरोबर, विचारलं. तुम्ही बरोबर घ्यायच्या, ते तिला आठवत होतं. तुमचं बर्फाचं वाक्य मुलीला सांगते म्हणाली."

यातलं काहीही खोटं नव्हतं. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "अन् मी सांगितलं होतं, ते? ते ऐकून काय म्हणली?"

मावशीचं मी काढलं नाही. "काही म्हणाली नाही," मी म्हणाले. "तुमची बस चुकेल म्हणाली."

"शिव्या दिल्या न्हाई?"

"नाही."

बाईंनी डोळे मिटले. "लई मोठ्या मनाची पोरगी," त्या म्हणाल्या. मग, "मी उगंच भिले इतकी वर्षं." त्या दिवशी त्यांनी दोन चमचे मऊ भात खाल्ला. भाऊ म्हणाला, आठवड्यात पहिल्यांदा.

मंगळवारी सकाळी बाई गेल्या. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. कपाळाला विभूती, गळ्यात फुलं, आणि डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलेलं. शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या. लातूरहून जुन्या मुली आल्या होत्या, त्यांच्यातल्या दोघी डॉक्टर झालेल्या. त्या रडल्या. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. मी बसच्या वेळा बघितल्या, चपला शोधल्या, संध्याकाळी लातूरला येऊन हजेरी घेतली.

पुढच्या आठवड्यात सुनंदाचा फोन आला. नंबर तिने वसतिगृहातून मिळवला होता.

"बाई गेल्या म्हणं."

"हो. मंगळवारी."

"माझ्या मावशीचं सांगितलं का तुमी त्यांना?"

"नाही."

तिकडे मशीन चालत नव्हतं.

"सांगायचं होतं तुमी," ती म्हणाली. "त्या सुटल्या. मावशी मरून गेली. मला एकटीलाच ठिवलं का मग ह्याच्यात?"

बाई असत्या तर त्यांना यावर उत्तर सुचलं असतं. बोलायचं काम त्यांचं होतं. मी म्हणाले, "मलाही माहीत आहे आता."

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.