राखाडी पेन, नारिंगी पेन

सासूबाईंचं आणि माझं कधीच पटलं नाही. पण त्यांना मधुमेह जडला आणि दिवसातून चार वेळा त्यांच्या पोटाला हात लावायची पाळी माझ्यावरच आली. म्हसवडच्या आमच्या घरात दुसरं कुणी सुई धरायला तयार नव्हतं.

पेनं दोन होती. राखाडी पेनातलं इन्सुलिन सावकाश, दिवसभर पुरायचं. ते सकाळी एकदाच, वीस युनिट. नारिंगी पेनातलं झटपट साखर उतरवायचं. ते प्रत्येक खाण्याआधी सहा, तेही ताट समोर आल्यावरच.

धाकटी नणंद सांगलीहून आली आणि दुसऱ्याच सकाळी म्हणाली, "वहिनी, तुमी टोचता तवा आई लय कळवळती. आज मी देते."

मी पेनांतला फरक सांगायला गेले, तर म्हणाली, "इन्सुलिन ते इन्सुलिन. मला नका शिकवू."

मला राग आला. बघ म्हटलं तुझं तूच, आणि धुणं घेऊन मागच्या दारी गेले.

परत आले तर सासूबाई घामानं थबथबलेल्या. हात थरथरत होते. मलाच विचारत होत्या, "कोण गं तू?" उशाशी नारिंगी पेन उघडं पडलं होतं.

"किती दिलंस?"

"वीस. रोजचंच की."

पोहे अजून कढईतच होते. साखर मोजायच्या मशीनवर आकडा आला बेचाळीस, सत्तरच्याही कितीतरी खाली. मी साखरेचं पाणी कालवलं. खोटं कशाला सांगू, पेला हातात असताना क्षणभर वाटलं, राहू दे असंच. मग घोट घोट पाजलं आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात दुपारपर्यंत सलाईन चाललं. डॉक्टरांनी विचारलं, "पेन कुणी चुकवलं?"

"वहिनीच देतात रोज," नणंद म्हणाली.

सासूबाई तोवर पुऱ्या शुद्धीवर होत्या. "व्हय, हीच देती," त्या म्हणाल्या. माझा नवरा भिंतीकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी दोन्ही पेनं मी त्यांच्या मांडीवर टाकली. "आत्या, आजपासनं तुमचं तुमी टोचा. मी नुसती बघीन."

"मारायला उठलीस मला!"

"मारायचं असतं तर काल पाणी पाजलं नसतं."

आठवडाभर मला शिव्या घालत त्या शिकल्या. आता बिनचूक घेतात. नणंद आली की पेनांचा डबा पदराखाली घेऊन बसतात, तिला हात लावू देत नाहीत. पण त्या दिवशी लेक खोटं बोलली, हे अजून त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. मीही त्यांच्याशी साखरेच्या आकड्यापलीकडे बोलत नाही.