सभेतला प्रॉम्प्टर

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. ज्यांचा निवतो त्यांचं कौतुक आहे. माझा निवलेला नाही, आणि हे लिहायला बसलोय तेही त्याच रागात.

मी सोलापुरात गिरणीच्या कचेरीत हजेरीचा कारकून होतो. आईवडील लहानपणीच गेले, मामांच्या घरी राहत होतो. मामा आमच्या पेठेतल्या हौशी नाटक मंडळीचे प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, पुस्तक धरायचं आणि नट अडला की हळूच वाक्य पुरवायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. त्यांच्या वशिल्यानं गणपतीतल्या नाटकात मला दूताचं काम मिळालं. चारच वाक्यं होती, झोपेतसुद्धा म्हणत होतो. राजाचं काम करायचे पेठेतले कापडाचे एक बडे व्यापारी. त्यांना सगळे शेटजी म्हणत. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जावा.

मी आत शिरलो, मुजरा केला आणि गेलं की सगळं डोक्यातून! मामांचे ओठ हललेले दिसले, पण कानात काही शिरेना. लोक खाकरायला लागले. मामा आता शेटजींकडे बघत होते. शेटजींनी हात उचलला आणि म्हणाले, "हा दूत कसला, मुका बैल आहे. न्या याला आणि दावणीला बांधा." सगळा मांडव खदखदून हसला. असलं वाक्य पुस्तकात नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकावर "आला मुका बैल" सुरू झालं, आणि महिन्याभरात ते दुधनीला पोचलं. तिथल्या मुलीशी माझं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. तिचा भाऊ आला, ओसरीवर बसला आणि मामांना विचारलं, पोराच्या बोलण्यात काही खोट नाही ना? मामांनी मान खाली घातली. सोयरीक मोडली. त्या मुलीला मी बघितलं होतं. पोह्यांची बशी पुढं करताना तिनं एकदाच मान वर केली होती. पुढं माझं लग्न झालंच नाही. मी तेव्हाच ठरवलं, शेटजींना चारचौघांत असंच मुकं उभं करायचं. नाही केलं तर नावाचा नाही.

मामांनी मला परत रंगमंचावर जाऊ दिलं नाही. तुझी जागा विंगेत, म्हणाले. त्यांची नजर अधू झाल्यावर पुस्तक माझ्या हातात आलं, आणि आठ वर्षं मी शेटजींना वाक्यं पुरवली. त्या माणसाला कधी धड काही पाठ झालं नाही. "पाणी आण" एवढं म्हणायलासुद्धा विंगेकडं कान करायचे. पण वाक्य एकदा हाती लागलं की असं फेकायचे की बाया डोळे पुसायच्या. टाळ्या त्यांना आणि कोरडा घसा मला! नाटकात गप्प बसलो असतो तर खापर प्रॉम्प्टरवरच फुटलं असतं, म्हणून मी वाट बघत राहिलो.

मग म्युनिसिपालटीच्या निवडणुका आल्या आणि शेटजी उभे राहिले. उभं राहायचं म्हणजे सभा घ्यायला पाहिजे, बोलायला पाहिजे. मला दुकानात बोलावून गादीवर शेजारी बसवून घेतलं. भाषण तूच लिही, म्हणाले, कुणी काही विचारलं तर त्याची उत्तरंही लिही, आणि मागं बसून सांग. सभेत मागं कुठं बसणार? तर त्यांनी मंडळीचा दरबाराचा पडदाच चौकात टांगला, खांब, झुंबरं, मोर रंगवलेला. लोकांना वाटलं, शेटजींचा थाट. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं मला झालं.

गिरणी सुटल्यावर चौक भरला. कामगार होते, हातमागावरची तेलंगी मंडळी होती, पेठेतले दुकानदार होते. पडद्याच्या एका भोकातून मला शेटजींची पाठ आणि समोरची गर्दी दिसत होती. पहिली चार वाक्यं मी नीट दिली, त्यांनी ती झकास म्हटली. मग पुढच्या रांगेतला एक विणकर उठला आणि त्यानं विचारलं, आमच्या बोळात नळ कधी येणार? नाटकात समोरचा कुणी उठून असं विचारत नसतो. शेटजींचा कान पडद्याकडं वळला. उत्तर माझ्या डोळ्यांपुढं होतं, माझ्याच अक्षरात. मी वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

विणकरानं परत विचारलं. शेटजींची मान घामानं थबथबली. शेवटी आठ वर्षांत तोंडात बसलेलं एकुलतं एक वाक्य बाहेर पडलं, "प्रधानजी, राज्यात सर्व क्षेमकुशल आहे ना?"

"त्येच तर तुमाला इचारतोय की," विणकर म्हणाला.

चौक हसून लोळला. शिट्ट्या झाल्या, पोरं मुजरे करायला लागली. शेटजी खाली बसले ते परत उठले नाहीत. त्या निवडणुकीत पडले हे सांगायला नकोच. खरं सांगतो, असा आनंद मला जन्मात दुसरा झाला नाही.

त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर शेटजी पडद्यामागं आले. मी भांडायला तयार उभा होतो. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "घेरी आली का रे तुला?"

माझ्या अंगाची लाही झाली. मुद्दाम गप्प बसलो म्हणालो. मुका बैल काढला, दुधनी काढली, होतं नव्हतं ते सगळं ओकलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"अरे, मला कधी स्वतःचं वाक्य सुचलंय का?" ते म्हणाले. "ते तुझ्या मामांनी विंगेतून दिलं. मी नुसतं म्हटलं."

आठ वर्षं त्यांच्या कानात बोललो मी, आणि एवढं मला कळू नये!

घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. मामा खाटेवर बसले होते, नजर जवळजवळ गेलेली. मी विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. तू गप पडलास, म्हणाले, लोक खाकरायला लागले, प्रयोग थांबला असता; सुचलं ते शेटजींना दिलं.

"ते राहू द्या," मी म्हणालो. "दुधनीचा माणूस ओसरीवर बसला होता, तेव्हा तुम्हांला काही सुचलं नाही?"

मामांनी तेव्हासारखीच मान खाली घातली.

त्यानंतर मामा तीन वर्षं जगले. दोन्ही वेळचं ताट वाढलं, डोळ्यांत औषध घातलं, शेवटी खांदाही दिला. त्यांच्याशी बोललो मात्र नाही, एक शब्द नाही. जे करायचं ते मुकाट्यानं करायचो. ते खाटेवरून हात पुढं करून चाचपायचे आणि विचारायचे, "हितं हाईस न्हवं?" मी हातभर अंतरावर बसलेला असायचो.