गोलकीपरच्या मागची सतरंजी

मे महिन्यात मराठवाड्यात फिरायला जाणाऱ्या माणसाला घरचे जे जे म्हणतात, ते सगळं मला म्हणून झालं होतं. त्यातून त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. पण उदगीरहून शिवाप्पामामाचा फोन आला, "सुनी, गाडी घेऊन ये. सहस्रकुंडचा धबधबा दाखवतो तुला." मामाचं उदगीरला भांड्यांचं दुकान आहे आणि त्याने आजवर मला दुकानाच्या पलीकडचं काही दाखवलेलं नाही. म्हणजे काम वेगळंच होतं. पाण्याचे दोन जार डिकीत टाकले आणि पहाटे पुणे सोडलं.

टेंभुर्णीपर्यंत रस्ता झकास. पुढे बार्शीवरून लातूर गाठेपर्यंत कंबर थोडी बोलायला लागते. लातुरात शिरताना कोचिंग क्लासच्या फलकांवरची हसरी मुलं आणि त्यांच्याखाली घागरींची रांग, असं एकत्रच दिसतं. खानावळीत दीडशे रुपयांत ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि वरण पोटभर मिळालं. निघताना मालक माझ्या बाटलीकडे बघत म्हणाले, "ताई, उरलं असंल तर हितंच ठेवून जावा." मी जारच उतरवायला लागले, तर म्हणाले, "एवढं न्हाई. बाटलीतलंच." तुम्ही दुष्काळात या भागात जाणार असाल तर पाणी जास्तीचं न्या, आपल्यापुरतं नेऊ नका.

संध्याकाळी उदगीरला पोहोचले, तर मामा घरी नव्हताच. बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात होता. तिथे आमच्या गावचा फुटबॉल क्लब भरतो. क्लब म्हणजे एक मैदान, दोन जाळ्या आणि जर्सी शिवणारे रफिकभाई टेलर. तिथे जमणाऱ्यांपैकी कुणीही, मामासकट, जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. पण कोणता खेळाडू घ्यायचा, कुणाला सोडायचा, हे सगळं याच बाकड्यांवर ठरतं, कारण वर्गणी यांची आणि घसाही यांचाच.

आता घोळ सांगते. जिल्ह्याच्या स्पर्धेत नियम असा की संघात जिल्ह्याबाहेरचे दोनच खेळाडू चालतात. आमचे दोघे ठरलेले. गोल मारणारा मुखेडचा गजू आणि गोलकीपर मारोती. मारोती एसटीत कंडक्टर. उदगीर डेपोला असताना क्लबात आला. मग बदली होऊन किनवटला गेला, पण दर हंगामाला तिकडच्या इस्लापूरहून एसटीने खेळायला येत राहिला. उदगीर लातूर जिल्ह्यात, मुखेड आणि इस्लापूर दोन्ही नांदेड जिल्ह्यात.

उदगीर जिल्हा होणार ही बातमी मी परकराच्या वयापासून ऐकतेय. लोकांना त्यातून कलेक्टर कचेरी हवी असते. आमच्या क्लबाला गजू हवा होता. नव्या जिल्ह्यात मुखेड येणार, म्हणजे गजू घरचा होणार आणि बाहेरच्याची एक जागा सुटणार! एक मेला घोषणा पक्की, असं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलं आणि बाजारात तुरी तशी यांची गत झाली. बिदरच्या एका चपळ खेळाडूला शब्द देऊन टाकला, घरी बोलावून गव्हाची गोड हुग्गी खाऊ घातली. रफिकभाईंनी त्याची जर्सीसुद्धा शिवली. एक मे आला आणि गेला. जिल्हा काही झाला नाही.

"आता तिघं भाईरचे हायत," हॉटेलात कुणीतरी म्हणालं. "एकाला सोडावं लागतंय."

"गजूला न्हाई."

"बिदरवाल्याला जबान दी है," रफिकभाई म्हणाले. "हुग्गी खिलाके वापस भेजते क्या?"

मारोतीचं नाव कुणाला घ्यायचं नव्हतं. वय झालंय, गेल्या हंगामात दोन सोपे गोल गेले, गावातलाच एक तरणा गोलकीपर तयार आहे, हे सगळं एकेकाने चहाच्या कपात बघत सांगितलं. शेवटी रफिकभाई म्हणाले, "मगर फोन पे नक्को. शिवाप्पा, तू जा. सतरंजी तेरी है." हे आपल्याच गळ्यात येणार, हे मामाने आधीच ओळखलं होतं; सहस्रकुंड इस्लापूरच्या शेजारीच आहे.

ही सतरंजी समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमची मंडळी मैदानाच्या कडेला बसत नाहीत. मारोतीच्या गोलच्या मागे मामाची निळी सतरंजी अंथरून बसतात आणि त्याच्या पाठीशी ओरडतात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा चौघे जण सतरंजीचे चार कोपरे धरून मैदान ओलांडतात आणि मारोती जिथे जाईल तिथे पुन्हा अंथरतात. पाहुणे संघ हसतात. नऊ वर्षं हे चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला विभूती लावून मामा माझ्या शेजारी येऊन बसला. जळकोटवरून मुखेडला गेलो. बाजाराचा दिवस होता, चहा गोड होता. मामाने चहावाल्याला मोठ्या आशेने विचारलं, "आमच्या जिल्ह्यात येताव का?"

"आमी नांदेडातच बरे हाव," तो म्हणाला. "तुमाला कामून पायजे मुखेड?"

मामाने दुसरा चहा मागवला.

नरसीपासून नांदेडपर्यंत तो गाडीत तालीम करत होता. "मारोती, असं बघ..." मग थांबायचा. "मारोती, गोष्ट अशी हाय की..." पुन्हा थांबायचा. मला हसू येत होतं आणि त्याची दयाही येत होती. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर जेवलो. एवढ्या उन्हात पंगतीत बसवून कुणी आग्रहाने वाढतं, याने मन निवतं. नऊशे रुपयांत स्वच्छ लॉज मिळाला. मामा मात्र अर्धीच पोळी खाऊन उठला होता.

तिसऱ्या दिवशी भोकर, हिमायतनगर करत इस्लापूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग. मारोतीचं घर शोधावं लागलं नाही, कारण अंगणातल्या दोरीवर हिरवी गोलकीपरची जर्सी वाळत होती. मामाने ती पाहिली आणि गाडीतून उतरेचना.

मारोतीच्या बायकोने, गंगाबाईंनी, आधी तांब्या पुढे केला. मी स्वयंपाकघरात गेले, तर त्या हळूच म्हणाल्या, "हापशाला दोन घागरीबी न्हाई मिळत. पर कालच धुतली त्यायनी जर्सी. म्हणले, मॅच हाय."

मला त्या घरात पाणी पिववेना. डिकीतला भरलेला जार त्यांच्या दाराशी ठेवला आणि बाहेर आले.

जेवणानंतर मारोती आम्हाला सहस्रकुंडाला घेऊन गेला. तुम्ही जाल तेव्हा पावसाळ्याच्या शेवटी जा. आम्ही पाहिला तो नुसता काळा कातळ आणि तळाशी थोडं हिरवं पाणी. मामा कातळावर बसला आणि बोलायला लागला तो ऊन, कापूस, एसटीच्या फेऱ्या यांवरच. मारोतीने सगळं ऐकून घेतलं. सडपातळ, लांब हातांचा माणूस. हात कुठे ठेवावे हे त्याला त्या दिवशी सुचत नव्हतं.

"मामा," तो शेवटी म्हणाला, "जिल्ह्याचं काई पेपरात आलं न्हाई. तुमी गाडीतून उतरंनात, तवाच म्या समजलो. बिदरवाला धरून तिघं झाले भाईरचे."

मामाने मान खाली घातली. "मारोती, बाबा, माझ्यानं बोलवत न्हाई रे."

"मग नका बोलू." तो तळाच्या पाण्याकडे वळला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. मग म्हणाला, "जर्सी धुवायला नको व्हती. पाणी गेलं उगीच."

मामा रडला. भर दुपारी, उघड्यावर, पासष्टीचा माणूस उपरण्याने डोळे पुसत होता आणि ज्याला सोडायला आलो होतो तोच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"नऊ वर्षं तुमचा आवाज पाठीमागून ऐकून राहिलो, मामा. वरडतानी तोंडं कवा दिसली न्हाईत. आता येतो तुमच्यात बसायला. आन एक सांगा, 'मारोत्या, म्हशीवानी बसू नगस, उडी मार,' असं कोन वरडतंय?"

"रफिक," मामा लगेच म्हणाला.

"आवाज तर तुमचाच हाय."

मी दुसरीकडे तोंड करून हसले. मलाही डोळे पुसायचे होते.

मी सामन्यापर्यंत उदगीरला राहिले. मैदानावर पाणी मारायची सोय नव्हती, धुळीत चेंडू सापडेना. वर्गणीऐवजी प्रत्येकाने खेळाडूंसाठी घरून बाटलीभर पाणी आणलं होतं. मारोती एसटीने आला आणि सतरंजीवर येऊन बसला, अंगात तीच धुतलेली हिरवी जर्सी. सगळे बघायला लागले, तर म्हणाला, "खेळायची मनाई हाय. घालायची न्हाई."

पहिल्या अर्ध्यात नव्या गोलकीपरला त्याने एवढ्या सूचना केल्या की बाकीच्यांना ओरडायला जागाच उरली नाही. मध्यंतर झालं. संघांनी बाजू बदलल्या. नवा गोलकीपर पार पलीकडे जाऊन उभा राहिला आणि आमची मंडळी जागची हलेनात. रफिकभाई चप्पल शोधत होते, जी त्यांच्या पायातच होती. मामा आभाळाकडे बघत होता. नऊ वर्षं सतरंजी मारोतीच्या मागे गेली होती आणि मारोती तर इथेच बसला होता.

तोच उठला. वाकून त्याने एक कोपरा उचलला.

"उठा की," तो म्हणाला. "गोलकीपर तिकडं गेला."

मग तिघे उठले. चार कोपरे धरून धुळीतून सतरंजी निघाली, पुढे मारोती, मागे मी पाण्याच्या बाटल्या घेऊन. सामना आम्ही एका गोलने हरलो. कुणी नव्या गोलकीपरला बोल लावला नाही, कारण मारोतीने लावू दिला नाही.

पुण्यात परतल्यावर गाडीतली धूळ दोन दिवसांत निघाली. नळ सोडताना मात्र हात अजून थबकतो. परवा मामाचा फोन होता. पंधरा ऑगस्टला जिल्हा नक्की, आतली बातमी आहे म्हणे. मुखेड आलं की एक जागा सुटते आणि मारोतीने कळवलंय की जिल्हा होईस्तोवर तो गुडघे सांभाळून ठेवतो. पूर्वी मी या बातमीला हसायचे. आता सकाळी पेपर आला की चहा गार होईपर्यंत तीच शोधत बसते.